दहापैकी दहा

चिमटेबाईला कशाचीच किळस येत नाही, असा तिचा रुग्णालयात लौकिक होता. तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बाजूला, खिडकी नसलेल्या एका लांबट खोलीत ती एकवीस वर्षं काम करत होती. वर ऑपरेशन आटोपलं की वापरलेली अवजारं झाकलेल्या ट्रॉलीतून खाली यायची. चिमटे, कात्र्या, हाड खरवडायच्या पटाशा, जखमेतलं रक्त ओढून घ्यायच्या बारीक नळ्या. ती सगळी धुवायची, भिंगाखाली बघायची, ट्रेमध्ये लावून गुंडाळायची, ट्रेवर सही करायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. नव्या नर्सबाई खाली आल्या की नाकाला पदर नाहीतर रुमाल लावून दारातूनच बोलायच्या. चिमटेबाई मात्र कात्रीच्या सांध्यातला मांसाचा तुकडा ब्रशने उडवून पाच मिनिटांत शेजारच्या खोलीत डबा उघडून बसायची.

"रक्ताला घाण म्हणू नये," ती म्हणायची, "कुणाच्या तरी अंगातलं असतं ते."

तिला किळस यायची ती माणसांची. त्यातही एका माणसाची.

त्याला सगळे कासव म्हणत. सहा वर्षांपूर्वी तो या खोलीत कामाला लागला. चहा असा ओढून प्यायचा की भिंतीपलीकडे ऐकू जावा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कान कोरायचा आणि त्याच पेन्सिलीनं लिहायचा. चिमटेबाईचे तीन ट्रे होत तेव्हा त्याचा एक होई. आणि हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण तो विचारायचा. सारखा विचारायचा. सोमवारी जे विचारलं तेच गुरुवारी.

"बाई, हे सांधे उघडे ठेवूनच का धुवायचे?"

"सहा वर्षं झाली तुम्हाला इथं."

"हो ना. पण नक्की आठवत नाही बघा." हे तो हसत सांगायचा. लाज नाही, संकोच नाही. आपल्याला येत नाही हे चारचौघांत असं उघडं टाकणं तिला अंगावरचे कपडे काढून उभं राहिल्यासारखं वाटे.

तिचं सगळंच उलट होतं. शाळेत ती पुस्तकातली पानंच्या पानं म्हणून दाखवायची. तपासणीला कुणी आलं की बाई तिलाच उभी करायच्या. कामाच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या दहा सूचना तिला स्वल्पविरामासकट पाठ होत्या. रुग्णालय बघायला पाहुणे आले की मोठ्या सिस्टर, म्हणजे या विभागाच्या प्रमुख, त्यांना घेऊन खाली यायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या बाईंना विचारा." चिमटेबाई एका दमात दहाच्या दहा म्हणायची. पाहुणे माना डोलवायचे, खोलीतले टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नसत.

मग नियम आला. अवजारं हाताळणाऱ्या प्रत्येकानं परीक्षा द्यायची, शंभरातले साठ गुण मिळवायचे, तरच ट्रेवर सही करायचा अधिकार. दोनशे पानांचं पुस्तक मिळालं. खोलीतले सहाजण हवालदिल झाले. चिमटेबाईला उलट हुरूप आला. तिनं पिवळं पेन आणलं, मग हिरवं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती ओळी रंगवत गेली. सात वेळा पुस्तक वाचलं. सातव्यांदा वाचताना तर पान उलटायच्या आधीच पुढचं पान डोळ्यांसमोर यायचं. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता; हात पुसत आत यायचा आणि ते रंगीत पुस्तक बघून कौतुकानं म्हणायचा, "तुला काय गं, तुला येतंच सगळं."

तिला एकेचाळीस गुण पडले.

यादी सूचना फलकावर लागली होती. तिनं आधी वरून खाली वाचली, मग खालून वर. कासवाला त्र्याहत्तर होते. तो तिच्या शेजारीच उभा होता, त्याच्या स्वेटरला आंबूस वास येत होता आणि तो म्हणत होता, "अरेच्चा, मी सत्तर धरले होते."  पेपर तपासणाऱ्यानं गोंधळ घातला असणार, असं तिनं घरी सांगितलं. नवऱ्यानंही तसंच म्हटलं.

दुसऱ्या परीक्षेला तिनं पुस्तक चौदा वेळा वाचलं. पिवळ्यावर हिरवं आणि हिरव्यावर गुलाबी चढून पानांचा चिखल झाला. चव्वेचाळीस गुण मिळाले.

नियमाप्रमाणे तिला सहीवरून काढलं आणि कापडाच्या घड्या घालायला बसवलं. एकवीस वर्षं काम केलेली बाई घड्या घालतेय, हे बघायला माणसं काहीतरी निमित्त काढून दारात येत, असं तिला वाटे. प्रत्यक्षात कुणी येत नव्हतं. ती खाली मान घालून घड्या घाली आणि सगळ्यांचा तिटकारा करी. परीक्षा घेणाऱ्यांचा, फलकावर यादी लावणाऱ्यांचा, "पुढच्या वेळी नक्की" म्हणणाऱ्यांचा, आणि पलीकडे भिंगात डोकं घालून बसलेल्या त्या सावकाश माणसाचा.

घड्यांना बसवल्यावर दोन आठवड्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर एक ट्रे दोन्ही हातांनी धरून खाली आली. चेहरा पांढराफटक. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी तिनं रक्त ओढायची नळी सवयीनं पाण्यातून काढून बघितली होती आणि पाण्यात काळे कण उतरले होते. नळी रुग्णापर्यंत गेली नव्हती, दुसरी वापरली, कुणाला काही झालं नव्हतं. पण ट्रे कपाटातला जुना होता. त्यावर चिमटेबाईची सही होती.

"मी तीनदा ब्रश फिरवते," चिमटेबाई म्हणाली. आवाज चढलाच तिचा. "प्रत्येक नळीला तीनदा. कुणालाही विचारा."

मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बाई, नळी कशी धुवायची, सांगा बघू."

तिनं सांगितलं. थंड पाण्यात बुडवणं, औषधी द्रावणात भिजवणं, योग्य व्यासाचा ब्रश आरपार नेणं, वाहत्या पाण्यानं धुणं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"आता करून दाखवा."

तिनं हातमोजे चढवले. ट्रेमधली तीच नळी घेतली. समोरच्या डब्यात सात-आठ जाडीचे ब्रश होते. तिनं नेहमीचा उचलला, तो पटकन आत जायचा. फिरवला, एक, दोन, तीन. पाणी सोडलं. पाणी स्वच्छ आलं. तिनं मान वर करून सगळ्यांकडे बघितलं.

मोठ्या सिस्टरनी डब्यातला एक जाड ब्रश तिच्या हातात दिला. तो जरा जोर लावूनच आत गेला. दुसऱ्या टोकानं बाहेर आला तो काळपट, बुळबुळीत काहीतरी घेऊन. ते बेसिनच्या पांढऱ्या कडेवर पडलं, थोडं घसरलं आणि तिथंच चिकटून राहिलं. कित्येक महिन्यांचं असेल. कित्येक माणसांचं.

"योग्य व्यासाचा म्हणजे काय, बाई?" मोठ्या सिस्टरनी हळूच विचारलं.

चिमटेबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. "योग्य व्यासाचा" हे दोन शब्द तिनं एकवीस वर्षं उच्चारले होते. पाहुण्यांसमोर उच्चारले होते. त्यांचा अर्थ काय, ब्रशचे केस नळीच्या भिंतीला सगळीकडून घासले पाहिजेत एवढा साधा अर्थ, तो तिच्या मनात एकदाही आला नव्हता. तिनं बेसिनकडे बघितलं. मग ती कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत कशीबशी पोचली आणि ओकली.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा. बाकीच्यांना वाटलं, त्या काळ्या लगद्यानं. तिला मात्र स्वतःच्या तोंडाची शिसारी आली होती. त्या तुरुतुरु चालणाऱ्या, स्वल्पविरामासकट सगळं ओकून दाखवणाऱ्या तोंडाची.

त्या नळीसारख्या नळ्या तिनं आजवर किती धुतल्या असतील, हा हिशेब करायला ती घरी बसली आणि हजारापाशी तिनं तो सोडून दिला. त्यांतल्या किती आत घाण ठेवून वर गेल्या, कुणाला त्यापायी ताप चढला, कुणाची जखम चिघळली, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस?" तिला त्याचा हात खांद्यावर नको झाला.

चार दिवस ती नुसत्या घड्या घालत राहिली. पाचव्या दिवशी सुट्टीच्या वेळात ती कासवाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तो चहा ओढत होता.

"तुम्ही अभ्यास कसा केलात?"

त्यानं कप खाली ठेवला. टवाळी करेल असं तिला वाटलं होतं, पण त्यानं खिशातून एक वही काढली. वहीच्या कडा तेलकट झाल्या होत्या, पानांवर चहाचे गोल डाग, एका पानाला कशाचं तरी वाळलेलं पिवळं चिकटलेलं. चिमटेबाईनं ती दोन बोटांत धरली.

आत पुस्तकातलं काही उतरवलेलं नव्हतं. प्रत्येक पानावर त्याच्या गचाळ अक्षरात एकेक प्रश्न, त्याखाली त्याचं उत्तर, उत्तरापुढे एक आकडा. त्याखाली पुस्तकातलं खरं उत्तर. आणि बऱ्याच ठिकाणी आणखी एक ओळ: "असं का वाटलं?"

"हे आकडे कसले?"

"खात्री किती आहे त्याचे. दहापैकी. आधी पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, आकडा घालायचा, मगच पुस्तक उघडायचं."

"त्यानं काय होतं?"

"माझं डोकं मंद आहे, बाई. लहानपणापासून सगळे सांगत आले. त्यामुळे मला कळलंय असं वाटलं, तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तपासून घेतो." त्यानं पेन्सिल कानाकडे नेली आणि तिची नजर बघून थांबवली. "जिथं दोन-तीन आकडा असतो ना, ते बरं असतं. तिथं माणूस विचारतो. जिथं दहापैकी दहा लिहिलंय आणि चुकलंय, ती पानं वाईट. ती मी दुमडून ठेवलीत."

बरीच पानं दुमडलेली होती. त्याच्या चुका तारीखवार मांडून ठेवलेल्या बघताना तिला कुणाची तरी उघडी जखम बघितल्यासारखं झालं. वही परत करून तिनं हात धुतले. साबण लावून, दोनदा.

पण घरी जाताना तिनं एक वही विकत घेतली.

पहिलाच प्रश्न तिनं सोपा काढला. रक्ताची अवजारं आधी कोणत्या पाण्यातून काढायची? तिनं लिहिलं, गरम. आकडा घातला, दहा. पुस्तक उघडलं. थंड. आणि ती ओळ तिनंच रंगवलेली होती, तीन रंगांत. खाली कारणही होतं: गरम पाण्यात रक्त शिजतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट होतं आणि धातूला चिकटून बसतं. कामावर हात तिचे थंडच नळ सोडायचे, सवयीनं. भिंतीवरचं पाठांतरही थंडच म्हणायचं. पण कुणी वेगळ्या शब्दांत विचारलं की डोकं घरच्या तेलकट भांड्यांकडे पळायचं आणि गरम म्हणायचं, तेही छातीठोकपणे.

तिनं वही आपटली. उठून ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग परत येऊन तिनं लिहिलं, "असं का वाटलं?" आणि त्यापुढे, "भांडी."

दोन आठवड्यांत तिची वही त्याच्या वहीहून घाणेरडी झाली. अक्षर तिचं सुरेख होतं, म्हणून तर जास्तच घाण दिसायची. सुबक अक्षरात लिहिलेला खोटेपणा, असं तिला वाटे. तिच्या लक्षात आलं की वाचताना येणारं ते ऊबदार "हो, हे माहितीये" म्हणजे नुसती ओळख होती. रस्त्यात रोज दिसणारा माणूस ओळखीचा वाटावा आणि कुणी त्याचं नाव विचारलं की गप्प बसावं, तसं. सात वेळा वाचून, चौदा वेळा वाचून तिनं फक्त ओळख वाढवली होती. आणखी एक खोड सापडली. प्रश्नात ओळखीचा शब्द दिसला की ती पुढचं वाचतच नव्हती. "यांपैकी काय करू नये" यातलं "नये" तिला दिसायचंच नाही. आणि मोजणीत आणखी एक गोष्ट उघडी पडली: जिथं तिनं सात आकडा घातला होता तिथं ती बऱ्याचदा बरोबर असायची, आणि जिथं दहा, तिथं निम्म्या वेळा चूक. स्वतःच्या खात्रीचाच तिला उबग आला.

एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता नवऱ्याला वाफेच्या यंत्राचं सांगत होती. पुस्तक मिटून दुसऱ्याला सांगायचं, हेही कासवानंच सांगितलेलं.

"आधी आतली हवा काढून टाकायची, मग वाफ सोडायची."

"का?" नवरा म्हणाला.

"काय का?"

"हवा का काढायची? गरम झाली म्हणजे झालं की."

सुरी थांबली.  "माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हे शब्द नवऱ्यानं तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तो हसला. "अगं, ब्रेकच्या पाइपात हवा राहिली तर ब्रेक लागत नाहीत, तसलं काहीतरी असेल. बघ की."

तिनं बघितलं. ट्रेच्या कोपऱ्यात हवा अडकून राहिली की तिथं वाफ पोचतच नाही. तो कोपरा गरम होतो पण निर्जंतुक होत नाही. तिनं ते नवऱ्याला समजावलं आणि त्यानं आणखी दोनदा का विचारलं. तिसऱ्या का-ला तिनं त्याला स्वयंपाकघरातून हाकललं. पण पुढच्या दिवशी तिनंच त्याला बोलावून बसवलं. "आता 'तुला येतंच सगळं' म्हणालात तर बघा," तिनं आधीच बजावलं.

तिसऱ्या परीक्षेला ती गेली तेव्हा पिशवीत पुस्तक नव्हतं, तीन वह्या होत्या. पेपर लिहिताना तिनं प्रत्येक प्रश्नाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक आकडा घातला. "नये" आणि "नाही" या शब्दांना गोल केले. चार प्रश्नांचं तिला काहीच येत नव्हतं. ते तिनं कोरे सोडले, ठोकून दिले नाहीत. वेळ संपायच्या आधी आकड्यांवरून गुणांचा हिशेब करून तिनं तळहातावर लिहिलं, अडुसष्ट.

सहासष्ट मिळाले.

खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ती पास झाली म्हणून. तिला त्या टाळ्या कानाला ओंगळ वाटल्या. ह्याच हातांनी या माणसांनी तिच्या पाठांतरालाही टाळ्या वाजवल्या होत्या. फक्त कासवानं विचारलं, "किती धरले होते?"

"अडुसष्ट."

"दोनचाच फरक," तो म्हणाला. "छान."

त्या एका शब्दानं तिचे डोळे भरले, आणि ते त्याच्यासमोर भरले याचा तिला राग आला.

सही परत मिळाली. पहिल्या दिवशी तिनं अकरा ट्रे तपासले आणि चार परत पाठवले. दुसऱ्या दिवशी पाच. थिएटरमधून फोन यायला लागले, ट्रे उशिरा येतात म्हणून. मोठ्या सिस्टर खाली आल्या, परत पाठवलेले ट्रे बघितले आणि वर गेल्या. तक्रारींचं त्यांनी काय केलं कुणास ठाऊक, पण फोन थांबले.

खोलीत तिचं कुणाशी पटेनासं झालं. महिन्यातून एकदा बाहेरून एक शिक्षक यायचा. कोट घातलेला, पडद्यावर चित्रं दाखवायचा आणि दर दहा मिनिटांनी विचारायचा, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्या माना हलायच्या. पूर्वी त्यांत तिची मान सगळ्यांत आधी हलायची. आता त्या माना बघून तिच्या घशात आंबट यायचं.

"नाही समजलं," एकदा ती म्हणाली.

शिक्षकानं चित्र मागं नेलं. "कुठलं नाही समजलं?"

"ते तुम्ही आम्हाला विचारा ना. एकेकाला. चित्र बंद करून."

शिक्षक हसला, घड्याळाकडे बघून म्हणाला, वेळ कमी आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, "पास काय झाल्या, डोक्यावर बसल्या." ती जागची हलली नाही. शिक्षकानं शेवटी चित्र बंद केलं आणि पुढच्या रांगेतल्या एकाला विचारलं. त्याला येईना. दुसऱ्यालाही येईना. तिसरी स्वतः चिमटेबाई. तिनं जेवढं येत होतं तेवढं सांगितलं आणि म्हणाली, "पुढचं मला येत नाही." मग त्या शिक्षकाला तोच भाग पहिल्यापासून सांगावा लागला, आणि मध्येच तोही एका ठिकाणी अडला. "हे मी बघून सांगतो," असं त्यानं कपाळ पुसत म्हटलं. त्या दुपारी त्याच्याबद्दल तिला जरा बरं वाटलं तेवढंच.

पुढच्या महिन्यात कपड्यांच्या धुलाई विभागातून बदली होऊन एक पन्नाशीचा माणूस खोलीत आला. मोठ्या सिस्टरनी त्याला चिमटेबाईच्या हाताखाली दिला. तिनं नळी कशी धुवायची ते दाखवलं. तो प्रत्येक वाक्याला "हो हो, कळलं" म्हणत होता.

तिनं ब्रशांचा डबा त्याच्यासमोर सरकवला.

"यातला कुठला घ्याल? आणि का?"

तो डब्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. कान लाल झाले त्याचे. तिला घाई नव्हती. तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसली.